आतला कोपरा बिट ठरवतं, बाहेरचा आपण

अमळनेरच्या एका तरुणाने विचारलंय. चार बाय आठ फुटांचं राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेघेप्रमाणे फळी कापणारं मशीन, नुकतंच घेतलंय, डिझाइन कोरलड्रॉमध्ये करतो, आणि घरांच्या नावाच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या, सुतारांची काचेची शटरं कापून देतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, स्क्रीनवर कोपरे छान गोल दिसतात, कापून आले की काही टोकदार, काही भलतेच. काचेच्या खाचेला २ मिमी रेडियस दिला तर ३ चा आला. अक्षरांना तर गोलाई लागतच नाही. सगळे कोपरे एका झटक्यात गोल करायची सोय आहे का?"

भाऊ, सोय आहे, तीही सांगतो. पण ती आधी सांगितली तर तू उद्याच एखादं अख्खं प्लाय वाया घालवशील, म्हणून शेवटी. पुतण्याच्या वयाचा दिसतोस, तेव्हा 'तू'च म्हणतो.

आधी एक कर. मिठाईचं रिकामं खोकं घे आणि दहाचं नाणं त्याच्या आतल्या कोपऱ्यात सरकव. नाणं दोन्ही भिंतींना टेकेल, पण खुद्द कोपऱ्यात कधीच पोचणार नाही. मध्ये तिकोनी फट राहीलच. आता तेच नाणं खोक्याला बाहेरून चिकटवून फिरव. कोपऱ्याला वळसा घालून ते निघून जाईल आणि खोक्याचा कोपरा होता तसा टोकदार राहील. तुझं बिट, म्हणजे मशीनमधलं गोल फिरणारं कापायचं पातं, हे असंच नाणं. ६ मिमी व्यासाच्या बिटाने आतला कोपरा ३ मिमी त्रिज्येपेक्षा लहान होऊच शकत नाही, सॉफ्टवेअरमध्ये २ लिही नाहीतर शून्य लिही. तुझ्या मशीनने चूक केलेली नाही, तू तिला जमणार नाही ते सांगितलंस आणि तिने जमलं तेवढं केलं. बाहेरचा कोपरा मात्र पूर्ण तुझ्या हातात आहे. टोकदार ठेव, १ ठेव, ५० ठेव.

म्हणून फाइल उघडल्यावर माझं पहिलं काम रेडियस टाकण्याचं नसतं. प्रत्येक कोपऱ्याकडे बघून मनात म्हणायचं, हा आतला की बाहेरचा? इथे नवखे एक गफलत करतात. चौकोनी भोक असेल तर त्याचे चारही कोपरे आतले, हे सगळ्यांना कळतं. पण इंग्रजी एल अक्षरासारखा तुकडा असेल तर त्याची बाहेरची कड कापतानासुद्धा एक कोपरा आतला असतो, जिथे दोन पाय मिळतात तो. देवनागरी अक्षरांत तर असे कोपरे जागोजागी: शिरोरेघेला काना जिथे मिळतो तिथे दोन्ही बाजूंना. ते टोकदार येणारच नाहीत.

मग २ मिमी हवाच असेल तर? ४ मिमीचं बिट घे, किंवा ३.१७५ चं. पण १८ मिमी प्लायमध्ये बारीक बिट चालवायचं म्हणजे पाच-सहा पास, एकेका थराच्या फेऱ्या, वेळ दुप्पट-तिप्पट आणि बिट तुटायची धास्ती. मी असं करतो: सगळं पॉकेट, म्हणजे कोरायची खाच, ६ ने काढायचं आणि फक्त कोपऱ्यांपुरता बारीक बिटाचा वेगळा टूलपाथ, म्हणजे बिटाची वाट, द्यायचा. गिऱ्हाईक पैसे देत असेल तरच.

आता तुला कोणी सांगितलं नसेल असं एक सांगतो. ६ च्या बिटाला आतल्या कोपऱ्यात बरोबर ३ चा रेडियस दिलास, तर फाइल बरोबर आणि काम खराब. कारण बिटाच्या मध्याचा मार्ग भिंतीपासून ३ मिमी आत असतो, आणि ३ मधून ३ गेले की मध्याच्या मार्गाला गोलाई उरते शून्य. म्हणजे बिट कोपऱ्यात येऊन थांबतं, दिशा बदलतं, पुन्हा निघतं. त्या थांबण्यात एमडीएफ काळं पडतं, अ‍ॅक्रिलिक वितळून बिटाला चिकटतं आणि प्लायवर थरथरीच्या बारीक रेघा उमटतात. रेडियस बिटाच्या त्रिज्येपेक्षा थोडा जास्त दे, बिट वळसा घेऊन न थांबता जातं.

थोडा म्हणजे किती, याचं गणित अवघड नाही. वळणावर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या एवढा प्रवेग लागतो, आणि मशीन तिच्या सेटिंगपेक्षा जास्त देत नाही. माझ्या कंट्रोलरमध्ये तो सेकंदाला सेकंदाला ५०० मिमी ठेवलाय. मध्याच्या मार्गाची त्रिज्या १ मिमी असेल तर वेग मिनिटाला साधारण १३०० मिमीवर येतो, ४ मिमी असेल तर २७०० च्या आसपास. मिनिटाला ३००० पूर्ण वेगाने वळायचं तर ५ मिमी लागते, म्हणजे भिंतीवरचा रेडियस ८. म्हणून जिथे दिसण्याला फरक पडत नाही, कपाटाच्या आतलं हँडलचं भोक, वायर जायची खिडकी, तिथे मी डोळे झाकून ८ देतो. जिथे घट्ट हवा तिथे ३.५. नेमका ३ कधीच नाही. आणि बिट व्हर्नियरने मोज. धार लावून आणलेलं ६ चं बिट ५.८ चं असतं, आणि कोलेट, म्हणजे बिट धरणारी पकड, घासला असेल तर ६ चं बिटसुद्धा ६.१ ची खाच पाडतं.

आता तुझ्या काचेच्या शटरांबद्दल. यात मी स्वतः भाजलोय. जळगावच्या एमआयडीसीत गाळा घेतला त्या पहिल्या वर्षी एका सुताराची बावीस शटरं आली, काचेसाठी मागून खाच असलेली. कोपरे मी कोरलमध्ये टोकदारच ठेवले, बिट ६ चं, आणि काच मापापेक्षा दोन्ही बाजू मिळून १ मिमी लहान सांगितली. तिसऱ्या दिवशी मिस्त्री टेम्पो घेऊन दारात. "भाऊ, हाई काच कोपरामा बसत नही." बावीस शटरं, अठ्ठ्याऐंशी कोपरे. मी आणि तो दिवसभर पटाशी घेऊन बसलो, आणि लॅमिनेट उडालं त्याचे पैसे माझ्या खिशातून.

तिथे काय झालं ते बघ. ६ च्या बिटाने कोपऱ्यात जो माल राहतो तो तिरक्या रेषेत मोजला तर त्रिज्येच्या ०.४१४ पट, म्हणजे १.२४ मिमी. चौकोनी काचेचं टोक त्याला अडतं. पण काच प्रत्येक अंगाने त्रिज्येच्या ०.३ पट ढिली असेल तर तेच टोक गोलाईच्या आत येतं. ६ च्या बिटाला हे ०.९ मिमी भरतं. मी एका अंगाला फक्त अर्धा मिमी सोडला होता. म्हणजे अवघे चार दशांश कमी पडले, आणि त्यापायी एक दिवस गेला. हा ०.३ चा हिशेब भिंतीवर लिहून ठेव: बिटाची त्रिज्या गुणिले ०.३, एवढी फट प्रत्येक बाजूला असेल तर टोकदार वस्तू गोल खाचेत बसते. फट दिसत असेल तर काचवाल्याला सांग, चारही कोपरे ३ मिमीने तिरके घास. तेही चालतं.

आणि फटही नको, घासणंही नको, फळीचं टोक खाचेत गच्च बसायला हवं, असं असेल तर कोपऱ्यात जादा कट द्यावा लागतो. बिट तिरक्या रेषेत आणखी १.२४ मिमी आत घालायचं म्हणजे गोलाईची कड बरोबर कोपऱ्याच्या बिंदूला टेकते. याला डॉगबोन म्हणतात, कारण लांबट खाचेला चार कोपऱ्यांत असे गोळे आले की ती कुत्र्याच्या तोंडातल्या हाडकासारखी दिसते. प्रत्येक भिंतीत तो ०.९ मिमी शिरतो, तेवढा दिसतो. दुसरा प्रकार टी-बोन, त्यात एकाच भिंतीत अख्खी त्रिज्या, ३ मिमी, घुसतात आणि दुसरी भिंत स्वच्छ राहते. ज्या बाजूवर दुसरी फळी झाकण होणार आहे ती बाजू खराब करायची, समोर दिसणारी वाचवायची. व्हीकार्व्ह आणि अस्पायर या राउटरच्या सॉफ्टवेअरांत कोपरे गोल करायचं फिलेट टूल असतं, त्यात साधी गोलाई, डॉगबोन आणि टी-बोन तिन्ही आहेत, कोपऱ्यावर क्लिक केलं की झालं. कोरलमध्ये ६ चं वर्तुळ काढून, त्याची कड कोपऱ्याला टेकवून, वेल्ड करून, म्हणजे दोन्ही आकार जोडून एक करून, हेच करता येतं. वर्तुळाचा मध्य दोन्ही भिंतींपासून २.१२ मिमी आत ठेवायचा. बिटापेक्षा दशांशभर मोठं वर्तुळ काढ, नाहीतर काही टूलपाथ त्या गोळ्यात शिरतच नाहीत.

आता, स्क्रीनवर गोल आणि कापल्यावर टोकदार हे कसं होतं? फाइल न बघता सांगतो, तुझी जाड आउटलाइन असणार आणि तिचे कोपरे 'राउंड'वर असणार. कोरलमध्ये रेघ ८ मिमी जाड केली आणि जोड गोल ठेवला की डोळ्यांना गोल कोपरा दिसतो. तो नुसता रंग आहे. मशीनला जाडी कळत नाही, तिला रेघेच्या मधोमध असलेली केसाएवढी वाट कळते, आणि ती टोकदारच आहे. कंट्रोल-शिफ्ट-क्यू दाबून आउटलाइनचं ऑब्जेक्ट करून घे, मग दिसतं ते खरं होतं. त्याहून सोपी सवय म्हणजे फाइल पाठवण्याआधी व्ह्यूमध्ये वायरफ्रेम लावायचं. तिथे जे उरतं तेच कापलं जाणार. इंकस्केप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये याला आउटलाइन मोड म्हणतात. ही तपासणी मी इतक्या वर्षांनीही चुकवत नाही.

दुसरं कारण ताणणं. कोरलच्या आयताला वरच्या पट्टीत कोपऱ्यांचे आकडे असतात आणि शेजारी कोपरे आकारासोबत मोठे-लहान करायचं एक बटण असतं. ते चालू असेल आणि तू २०० ची पाटी ओढून ४०० ची केलीस की ५ चे १० होतात. ते बंद असेल पण आयताचं आधीच कर्व्ह, म्हणजे कोपऱ्यांचे आकडे नसलेली साधी रेघ, करून टाकलेलं असेल, तरी तेच. एकाच बाजूने ओढलंस तर त्याहून वाईट, वर्तुळाचा तुकडा राहत नाही, अंड्यासारखा होतो. इंकस्केपमध्येही असंच बटण आहे, बाण निवडल्यावर वरच्या पट्टीत दिसतं. माझा क्रम ठरलेला: आधी माप कायम, मग कोपरे, मग कर्व्ह. गिऱ्हाइकाने नंतर "दोन इंच वाढव" म्हटलं तर मूळ फाइलवर जायचं, कर्व्ह झालेल्या फाइलला ओढायचं नाही. म्हणून कर्व्ह करण्याआधी एक प्रत बाजूला ठेवतोच.

अक्षरांकडे वळू, कारण पाट्यांचं खरं दुखणं तिथे आहे आणि इंग्रजीतले सगळे धडे इथे तोकडे पडतात. देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेघ सलग दिसते, पण बऱ्याच फॉन्टांत प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्यावर किंचित चढतं. 'मातोश्री' टाइप करून कर्व्ह केलंस की वायरफ्रेममध्ये त्या चढलेल्या जागी उभ्या रेघा दिसतील. तशातच फिलेट मारलंस तर प्रत्येक तुकड्याची टोकं वेगळी गोल होतात आणि शिरोरेघेवर उंदराने कुरतडल्यासारख्या खाचा पडतात. आधी वेल्ड, मगच फिलेट. वेल्ड झालं की अख्खं नाव एक तुकडा होतं, आणि हा आपल्या लिपीचा मोठा फायदा आहे: अ‍ॅक्रिलिकचं अख्खं नाव एका शिरोरेघेला लटकून सलग निघतं, इंग्रजीवाल्यांना एकेक अक्षर वेगळं चिकटवावं लागतं.

वेल्ड करूनही गोलाई लागत नसेल तर दोन कारणं राहतात. एक, रेडियस जागेपेक्षा मोठा. शिरोरेघ ८ मिमी जाड असेल तर तिच्या टोकाला ४ पेक्षा जास्त रेडियस बसतच नाही, आणि कोरल अशा कोपऱ्याला बऱ्याचदा काही न बोलता सोडून देतं. इंकस्केपचा आयत निदान अर्ध्यावर आणून थांबवतो. म्हणून लागलेल्यांपेक्षा न लागलेले कोपरे मोजायचे. दुसरं, नोडची, म्हणजे रेघेवरच्या बिंदूंची, गर्दी. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, तू ट्रेस मारून फोटोवरून आपोआप रेघा काढल्यास, की जिथे तुला एक कोपरा दिसतो तिथे खरं तर चार-पाच नोड दाटीवाटीने बसलेले असतात. फिलेटला तिथे कोपराच सापडत नाही. शेप टूलने झूम करून जादा नोड काढ, एकच टोकदार नोड ठेव, मग फिलेट लगेच बसतं. ट्रेस केलेल्या फाइलला मी वेगळे पैसे लावतो. तूही लाव. लोकांना वाटतं फोटो दिला म्हणजे डिझाइन दिलं.

एक सावधगिरी टोकांबद्दल. एकच रेडियस सगळ्या कोपऱ्यांना सारखाच दिसतो असं नाही. काटकोनात ५ चा रेडियस दिला तर टोक २ मिमीने मागे सरतं. साठ अंशांच्या कोपऱ्यात तोच ५ चा रेडियस टोक ५ मिमीने खातो. आणि पाच टोकांच्या चांदणीचं टोक ३६ अंशांचं असतं, तिथे ५ चा रेडियस म्हणजे ११ मिमी गेले. खंडेरायाच्या पाटीवरचा त्रिशूळ असाच बोथट होऊन चमचा झालेला मी पाहिलाय, माझ्याच दुकानात. टोकदार आकाराला १ किंवा १.५ पुरे, हाताला लागू नये एवढंच. त्यासाठी शेप टूलने तेवढेच नोड निवडून फिलेट लावायचं. काही निवडलं नाही तर ते सगळ्या कोपऱ्यांना लागतं.

पाटीला दुहेरी किनार करत असशील तर आणखी एक. बाहेरच्या चौकटीला १२ चा कोपरा आणि किनार ८ मिमी रुंद, तर आतल्या चौकटीला १२ नाही, ४ द्यायचा. बाहेरच्यातून किनारीची रुंदी वजा. दोन्हीकडे १२ ठेवलेस तर किनार सरळ भागात ८ आणि कोपऱ्यात ११.३ होते, आणि पाटी का बेढब दिसते हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही पण खटकतं. आयताची प्रत करून लहान करण्यापेक्षा समांतर रेघ काढणाऱ्या कंटूर टूलने आत ८ काढ, वजाबाकी तेच करून देतं.

अ‍ॅक्रिलिकमध्ये आतले कोपरे टोकदार सोडायचेच नाहीत, लेझरवर कापलेले असले तरी. लेझरला टोकदार आतला कोपरा जमतो, आणि म्हणूनच लेझरच्या फाइली राउटरवर आणल्या की घोळ होतो, पण तो वेगळा विषय. भेग कायम टोकदार आतल्या कोपऱ्यातून सुरू होते. आपल्याकडे तापमान जानेवारीच्या पहाटे दहा अंशांच्या आसपास आणि मेमध्ये भुसावळ-जळगाव पंचेचाळीसच्या वर. अ‍ॅक्रिलिक मीटरला एका अंशाला साधारण ०.०७ मिमी वाढतं, म्हणजे तीस अंशांच्या फरकात मीटरभर पाटी २ मिमीने लांब-आखूड होते. उन्हाच्या भिंतीवर स्क्रू गच्च आवळलेली पाटी असेल तर तो सगळा ताण कोपऱ्यात जमतो. आतले कोपरे निदान ३ चे, स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा २ मिमी मोठी.

कोरल सोडून बाकीच्यांचं पटकन सांगतो. इंकस्केपमध्ये आयताला आर-एक्स आणि आर-वाय हे गोलाईचे आकडे, बाकी कुठल्याही पाथला पाथ इफेक्टमधला फिलेट-चॅम्फर, तो १.० पासून चांगला आहे. पाठवण्याआधी ऑब्जेक्ट टू पाथ करायचं. ऑटोकॅडमध्ये फिलेट, मग आर दाबून रेडियस, मग पी दाबून पॉलिलाइन, सगळे कोपरे एकदम. आर्टकॅम अजून पुष्कळ दुकानांत चालतं, ऑटोडेस्कने ते २०१८ साली बंद केलं, आता तेच कार्व्हेको नावाने मिळतं. फिलेट तिथेही आहे.

मशीनकडे न्यायची डीएक्सएफ फाइल काढताना मात्र जरा थांब. ऑटोकॅडची गोलाई हा खरा कंस असतो, मशीनला जी२ किंवा जी३ ची, म्हणजे कंस कापायच्या हुकमाची, एक ओळ जाते. कोरलमधली गोलाई बेझिअर, म्हणजे कंसाच्या जवळपास जाणारी वक्ररेषा, असते. ती वर्तुळापासून फार लांब नसते, चौथाई वर्तुळात चूक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी. त्रास दुसरा आहे: डीएक्सएफमध्ये जाताना तिचे बऱ्याचदा बारीक सरळ तुकडे होतात आणि मशीन प्रत्येक तुकड्यावर ठेच खात जातं. कोपऱ्यावर बोट फिरवलंस तर पैलू लागतात, आणि आवाजही बदलतो, भुर्रर्रचं टकटक होतं. व्हीकार्व्हमध्ये वेक्टरला कर्व्ह बसवायचं टूल आहे, त्यात कंस निवड आणि टॉलरन्स ०.०५ ठेव. पैलू जातात.

टूलपाथ लावताना सुरुवातीचा बिंदू गोलाईवर ठेवू नकोस, सरळ बाजूच्या मध्यावर ने. बिट शिरतं तिथे एक खूण राहतेच. टॅब, म्हणजे तुकडा निसटू नये म्हणून न कापता ठेवलेला जोड, तोही सरळ बाजूवरच. गोलाईवरचा टॅब घासताना कोपरा चपटा होतो आणि मग हाताने कितीही पॉलिश पेपर मार, तो पुन्हा गोल होत नाही.

गिऱ्हाइकाच्या बोलण्याचंही भाषांतर करावं लागतं. "गोलाई मार" म्हणजे कधी पाटीचा कोपरा गोल, आणि कधी काठाची वरची धार गोल. पहिलं सॉफ्टवेअरमध्ये होतं, दुसरं राउंडओव्हर बिटाने. पीयू रंग करणारे सहसा दुसरं मागत असतात, कारण टोकदार धारेवर रंग थांबत नाही. आणि "पंचवीसची गोलाई" म्हणणारा त्रिज्या सांगतोय की व्यास, हे त्यालाही माहीत नसतं. मी दहाचं नाणं पुढे करतो. त्याचा व्यास २७ मिमी, म्हणजे त्रिज्या १३.५. "एवढी? की याहून मोठी?" बोट ठेवून सांगतात, वाद मिटतो. सुतार बाटलीचं बूच आणतात, बायका बांगडी दाखवतात. सगळं चालतं, अर्धं करायला विसरू नकोस एवढंच.

आता तुझी ती एका झटक्याची सोय. समज देवघराची जाळी आहे, दोनशे भोकं, प्रत्येकाला सहा कोपरे. भोकं निवडून कंटूरने ३.५ मिमी आत जा, कोपरे टोकदार ठेव, कंट्रोल-के ने वेगळं कर आणि मूळ भोकं बाजूला काढ. आता त्या लहान झालेल्या भोकांना ३.५ मिमी बाहेर ने, या वेळी कोपरे 'राउंड' निवडून. सगळे आतले कोपरे ३.५ चे झाले, सरळ बाजू जिथल्या तिथे. ६ च्या बिटाला जिथे जाता येत नाही अशी बारीक चिंचोळी भोकं यात आपोआप गायब होतात, म्हणजे मशीन लावण्याआधीच तुला कळतं की कुठे बारीक बिट लागेल. मी निम्म्या वेळा ही युक्ती गोलाईसाठी नाही, याच तपासणीसाठी वापरतो. अख्ख्या तुकड्याच्या बाहेरच्या कडेचे आतले कोपरे गोल करायचे असतील, अक्षरांसारखे, तर क्रम उलटा: आधी बाहेर, मग आत, आणि 'राउंड' दुसऱ्या वेळी. बाहेरची टोकं टोकदारच राहतात. चुकून पहिला क्रम लावलास तर टोकं गोल होतील आणि आतले कोपरे तसेच राहतील, आणि शिरोरेघ ७ मिमीपेक्षा बारीक असेल तर अख्खी उडून जाईल. तसं झालं तर घाबरू नकोस, कंट्रोल-झेड.

उरलेल्या एचडीएचएमआर फळीच्या तुकड्यावर १०० बाय १०० चा एक चौकोन काप. बाहेरचे चार कोपरे ०, ३, ८ आणि १५ चे, मध्ये ४० ची खिडकी, तिचे कोपरे ३, ३.५, ५ आणि ८ चे. प्रत्येकाशेजारी आकडा कोरून दुकानात खिळ्याला टांग. ३ आणि ३.५ च्या कोपऱ्यात आतून नख फिरवून बघ, आणि पुढची शटरं घेऊन मिस्त्री येईल तेव्हा त्यालाही तेच करायला लाव.